टोक बसेपर्यंत काडी

धानोऱ्याच्या बाजारात माझ्या दुकानावर दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. बायका मनगट पुढे करतात आणि पुरुष बाण. दोघांचंही काम मी एकाच शेगडीवर आणि एकाच लाखेत उरकते. नव्या माणसाला हे बघून धडकी भरते. एकदा बदली होऊन आलेले एक साहेब बायकोला बांगड्या घ्यायला आले, तर पाटाशेजारी वाळूच्या डब्यात बाणांची रांग उभी. ते बायकोचा हात धरून हळूच मागे सरकले. मी हाक मारून सांगितलं, साहेब, हे बाण गिऱ्हाइकांसाठी नाहीत, गिऱ्हाइकांचे आहेत. त्यावर ते आणखी लांब गेले.

आम्ही मणियार. लाखेच्या बांगड्या करणं हा माझ्या माहेरचाही धंदा आणि सासरचाही, त्यामुळे पळून जायला कुठे जागाच नव्हती. लाख येते ती इथल्याच रानातून. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर एक बारीक किडा ती करतो, गावातली माणसं ती खरवडून बाजारात आणतात, मी ती वितळवून, गाळून, रंगवून बांगड्या करते आणि त्याच गावांतल्या बायकांच्या हातात चढवते. म्हणजे त्यांचंच सोनं त्यांनाच विकायचं, वर हसून चहा पण प्यायचा. पुढे काचेच्या आणि प्लास्टिकच्या बांगड्यांनी आमचा बाजार उठवला. माझ्या सासऱ्यांच्या हातची नक्षी आता कुणी मागत नाही आणि मला ती त्यांच्यासारखी जमतही नाही. याचं वाईट वाटतं. पण वाईट वाटून घेत बसायला माझ्याकडे वेळ राहिला नाही, कारण तेवढ्यात चैतूभाऊ आले.

चैतूभाऊ म्हणजे धानोऱ्यापलीकडच्या डोंगरातल्या एका गावचे गायता, गावाची देवपूजा ज्यांच्याकडे असते ते. उंच, कोरडे, बोलायला महाकंजूष. त्यांचा भाचा नागपुरात खेळाच्या मैदानावर कामाला होता. तिथे कुणीतरी टाकून दिलेल्या बाणांच्या काळ्या नळ्यांचा एक भारा त्याने मामाला आणून दिला. बाहेरदेशी या नळ्या शिकारीच्या बाणांसाठी वापरतात म्हणे. वजनाला हलक्या, सरळ अशा की सुताराने रंधा मारून केल्यासारख्या. फक्त त्यांची तोंडं रिकामी होती.

इथे थोडं कामाबद्दल सांगायला हवं. बांबूच्या बाणाला लोखंडी टोक बसवतात ते गावातच. टोकाची शेपटी लाल तापवून बांबूत दाबायची, दोरा गुंडाळायचा, वरून लाखेचा हात फिरवायचा. काळ्या नळीला हे चालत नाही. ती आतून पोकळ असते आणि जाळाला दाखवली की तिचे पदर सुटतात. तिच्या तोंडात आधी धातूची एक छोटी नळकांडी बसवावी लागते. तिच्या आत आटे असतात. कंपनीवाले तिला इन्सर्ट म्हणतात, आमच्याकडे सगळे पेच म्हणतात. पेच लाखेने पक्का बसला की त्यात टोक फिरवून आवळायचं. टोक बोथट झालं तर काढा, दुसरं लावा. बाण तोच.

ऐकायला सोपं वाटतं. पहिली नळी मी सरळ शेगडीवर धरली आणि जळक्या वासाने समोरचा पानवालासुद्धा बघायला आला. मग उमगलं की तापवायचा पेच, नळी नाही. नळीचं तोंड आतून स्पिरिटच्या कापसाने पुसायचं. पेचाला बाहेरून कानस मारून खरखरीत करायचं. मग तो एका लांब बोल्टवर चढवून निखाऱ्यावर धरायचा, चपड्याची, म्हणजे गाळलेल्या लाखेची, कांडी त्यावर फिरवायची आणि लाख चकाकायला लागली की पेच नळीत घालायचा. एकदम दाबायचा नाही. बांगडी हातावर चढवताना जशी फिरवत फिरवत नेतो, तसाच न्यायचा, म्हणजे लाख सगळीकडे सारखी पसरते. बाहेर आलेली लाख पुसायची आणि नळी वाळूत तोंड खाली करून उभी ठेवायची. शेवटी टोक लावून बाण तळहातावर गरगर फिरवायचा. टोक थरथरलं की पेच वाकडा बसला. मग पुन्हा ऊब द्यायची, पेच बाहेर, पुन्हा पहिल्यापासून. लाखेचं हेच मला आवडतं, तिला चूक मोकळी करता येते.

पण चैतूभाऊ आले त्या दिवशी हे सगळं पुढेच होतं. ते दुकानाच्या पायरीखाली उभे राहिले. त्यांच्या एका नळीला त्यांनी स्वतःच कसंबसं टोक बसवून पाहिलं होतं आणि ते डुगडुगत होतं. मी हात पुढे केला तर त्यांनी बाण मागे घेतला.

"बाईनं बाण हाती घ्याचा नसते आमच्यात," ते म्हणाले.

"मंग आणला काऊन?" मी विचारलं.

यावर त्यांनी पुष्कळ विचार केला. माझ्या दोन गिऱ्हाइकांच्या बांगड्या भरून झाल्या तरी ते तिथेच उभे. मग त्यांनी ते डुगडुगतं टोक उपसून खिशात टाकलं आणि नळी माझ्यासमोर धरली.

"आता हा बाण नाई. टोक बसेपर्यंत काडी हाय. काडीले कोणी बी हात लावते."

असा आमचा करार ठरला आणि तो बरीच वर्षं टिकला. पेच मी बसवायचा. टोक त्यांनी किंवा ज्याचा बाण असेल त्याने स्वतः फिरवून आवळायचं, तळहातावर बाणही त्यानेच फिरवायचा, आणि टोक थरथरतं का ते मी लांबून बघायचं. थरथरलं की त्यांनी टोक काढून काडी परत माझ्याकडे द्यायची. तेवढ्या वर्षांत त्या गावचा पुरा बाण मी कधी हातात घेतला नाही. आपण भाजी करायची आणि मीठ मात्र दुसऱ्याने घालायचं, अशातली गत. मला राग यायचा. चिडून मी मियाँला, म्हणजे आमच्या नवऱ्याला, सांगायची. ते म्हणायचे, तू बाणाला हात लावत नाहीस तरी घरात सगळे तुला घाबरून असतात, लावलास तर काय होईल.

चैतूभाऊंच्या मागून इतरही आले. मैदानावर तिरंदाजीचा सराव करणारी मुलं आली, त्यांचे गुरुजी आले. एक माणूस गुपचूप रानडुकरासाठी जड टोक बसवून मागत होता. शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी असं माझं मत आहे. मी त्याला पाटावर बसवलं, त्याचा हात धरला आणि मनगटाचं माप घ्यायला लागले. तो म्हणाला, हे काय? मी म्हटलं, भाऊ, तुमच्या कामासाठी आमच्याकडे बांगड्याच मिळतात. तो पुन्हा दिसला नाही.

कोरपन्याहून आलेले एक गृहस्थ मात्र माझे लाडके. सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला, मोबाइलवर बघून धनुष्य मागवलेलं, आणि पहिलाच बाण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत. बाण उपटला तर नळी हातात आली आणि पेचासकट टोक टाकीत राहिलं. ते टोक कसं काढायचं हे विचारायला ते एवढ्या लांबून आले होते. मी विचारलं, टाकी गळते का? म्हणाले, नाही, टोक आत आहे तोवर थेंबही गळत नाही. मग मी त्यांना चपड्याची एक कांडी दिली आणि सांगितलं की टोकाच्या कडेने बाहेरून लाख लावून टाका आणि पुन्हा त्या टाकीकडे बघू पण नका. घरी बायकोने विचारलं तर सांगा, नळ बसवला.

आता मुख्य गोष्ट.

चैतूभाऊंच्या गावात पेरणीच्या आधी, ऐन मे महिन्यात, विज्जा पंडुम होतो, म्हणजे बियाण्याचा सण. पूर्वी त्यासाठी पुरुष रानात शिकारीला जायचे आणि जो रिकाम्या हाताने परतेल त्याच्या अंगावर बायका शेणपाणी ओतायच्या. शिकार बंद झाली तेव्हा गावाने तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, रानडुक्कर केलं. आत शेवरीचा मऊ ओंडका, वरून तणीस बांधलेलं, कोळशाचे डोळे. त्यावर बाण मारायचा. नुसता लागून भागत नाही, उपटल्यावर तो टोकासकट परत आला पाहिजे. बी मातीत गेलं तरी परत यावं लागते, तसंच, असं चैतूभाऊ म्हणतात. ज्याचा बाण चुकला किंवा अर्धाच परतला त्याला शेणपाणी. आणि एकाचाही बाण धड परतला नाही तर त्या दिवशीचं सगळं पाणी पुरुषांनी भरायचं, सगळा स्वयंपाक पुरुषांनी करायचा आणि बायकांनी सावलीत बसून नावं ठेवायची. एक तरी बाण धड परतल्याशिवाय बियाण्याच्या टोपलीला कुणी हात लावत नाही.

बांबूच्या बाणांच्या काळात ही मजा वर्षागणिक व्हायची. कुणाचं टोक आत राहायचं, कुणाचा बांबू फाटायचा. काळ्या नळ्या आल्या, माझे पेच आले, आणि सगळेच बाण धड परतायला लागले. पुरुष मिशीला पीळ देत हिंडायचे. मीही कौतुकाने फुगले होते, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी सणाच्या आधीच्या बाजारात जुरीबाई बांगड्या भरायला आल्या. जुरीबाई म्हणजे चैतूभाऊंची बायको. नवरा जितका मुका, तितकी ही बोलकी. पाटावर बसताच तिने तक्रार मांडली.

"आपा, तुमच्या पेचानं आमचा सण बुडवला. शेणपाणी कालवून ठेवतो न् तसंच फेकून देतो. यंदा टोकं जरा ढिलीच बसवजा ना. लई नाई, थोडीशीच."

माझं डोकंच फिरलं. मी सांगितलं, ढिली बांगडी मागशील तर देईन, ढिला पेच या दुकानातून जात नाही. माझं नाव आहे त्याच्यावर. जुरी नुसती हसली. चुडा भरून झाला, आणि निघताना, जणू जन्मात पहिल्यांदा लाखेच्या बांगड्या घालत असल्यासारखं, त्या कशा जपायच्या ते विचारू लागली. मीही सवयीने पाढा म्हटला. चुलीपाशी बसताना काढून ठेव, ऊन पाण्यात हात घालू नको, उन्हात तापल्या जागी ठेवू नको, लाखेला ऊन सोसत नाही. तिने माझं बोलणं शब्दागणिक मान हलवून ऐकलं. मला वाटलं, चला, राग निवळला.

सणाला चैतूभाऊंनी मला पहिल्यांदाच बोलावलं होतं, ऐन वेळी पेच हलला तर कुणीतरी असावं म्हणून. सकाळी मियाँनी मोटारसायकलवर नेऊन सोडलं. गावाच्या कडेला मोहाचं मोठं झाड आहे, त्याखाली देवाचा खांब, आणि खांबापुढे दरवर्षी बाण मांडून ठेवतात. तिथे जुरीबाई आणि चार-सहा बायका शेणाने सारवत होत्या. मी सरळ चालले तर जुरी ओरडली, सारवण ओलं हाय, बाजूनं या. मी चपला हातात घेऊन वळसा घातला आणि मनात म्हटलं, किती झटून काम करतात या बाया.

पुरुष बाण घेऊन आले तर झाडाखाली ठेवायला जागाच नाही. ओल्या शेणात देवाचे बाण कोण ठेवणार? शेजारी उघड्यावर एक पत्रा पडला होता. त्यांनी बाण त्यावर ओळीने मांडले, हळद लावली आणि ते पूजेला लागले. पूजा लांबली. ऊन असं की आभाळाकडे बघवत नव्हतं. मी बायकांमध्ये बसून टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खात होते आणि मनातल्या मनात माझे पेच मोजून घेत होते. आज सगळ्या गावासमोर ते परत येणार होते.

पहिला बाण चैतूभाऊंच्या धाकट्या भावाने, दसरूने मारला. पत्र्यावरून उचलला, धनुष्याला लावला, थेट डुकराच्या बरगडीत. पुरुषांनी आरोळी दिली. दसरू ऐटीत चालत गेला, नळी धरून ओढली आणि नळी इतक्या सहज हातात आली की तो मागच्या मागे बसला. टोक पेचासकट डुकरात. बायकांमधून एक किंकाळी उठली, पण आनंदाची. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. एकाने हळू ओढलं, एकाने फिरवून ओढलं, एकाने देवाचं नाव घेऊन ओढलं. नळ्या सगळ्या परतल्या, टोकं सगळी आत राहिली. शेवटी चैतूभाऊ उठले. त्यांचा बाण डुकराच्या डोळ्याजवळ लागला. त्यांनी दोन्ही हातांनी तो ओढला आणि रिकाम्या नळीकडे बघत उभे राहिले.

मग सगळा गाव माझ्याकडे वळला.

दसरू म्हणाला, ही बायकांना मिळालेली आहे. दुसरा म्हणाला, नाही रे, वय झालं, हात गेला बिचारीचा. माझ्या शेजारच्या एका म्हातारीने तर माझ्या गालावरून हात फिरवून कानात सांगितलं की पोरी, तू बायकांची लाज राखली. हो म्हणावं तर मी लबाड. नाही म्हणावं तर माझं काम कच्चं. आसपासच्या गावांचे पाहुणे तिथे बसलेले, आणि हे सगळे उद्या बाजारात माझ्याच दारात येणार किंवा आता येणारच नाहीत. कधी नव्हे ते मला शब्द सुचेना, आणि हे आमच्या मियाँनी पाहिलं असतं तर त्यांनी नारळ फोडला असता.

चैतूभाऊ माझ्यापुढे आले आणि त्यांनी ती नळी पुढे केली. "बाई, खरं सांगजा. टोकं ढिली बसवली का?"

नळीला टोक नव्हतं, म्हणजे ती काडी होती, म्हणजे मला धरता येत होती. मी धरली आणि पटकन दुसऱ्या हातात घेतली. नळी चटका देत होती. तोंडाशी बघितलं तर लाखेचे बारीक तार लोंबत होते, गुळाच्या पाकासारखे. आता मला कळलं. थंड लाख निसटली तर काचेसारखी तुटते, तिचे कपचे पडतात. तार सुटतात ते तापलेल्या लाखेचे. काळी नळी, त्यात मे महिन्याचं ऊन आणि खाली पत्रा. बांबूच्या बाणाला तसल्या उन्हाने काही होत नाही. पण माझा पेच नुसत्या लाखेवर उभा असतो.

मी पत्र्याकडे पाहिलं. मग मोहाखालच्या सावलीकडे पाहिलं. सकाळचं सारवण अजून ओलं होतं. मे महिन्यात. आणि जुरीबाई खांबाआड उभी राहून, अगदी सहज, हातातल्या गडव्यातलं पाणी त्यावर शिंपडत होती.

मला हसू फुटलं ते दाबताना ठसका लागला. एकीकडे माझं नाव, दुसरीकडे ज्यांच्या हातात मी जन्मभर बांगड्या चढवल्या त्या बाया. मी ठरवलं की जुरीचं नाव घ्यायचं नाही, पण माझं कामही कच्चं म्हणवून घ्यायचं नाही. मी ते तार सगळ्यांना दाखवले आणि सांगितलं की काम पक्कं होतं, लाख तापली आहे, लाखेला ऊन सोसत नाही.

दसरू भडकला. "मंग हे आमाले काऊन नाई सांगतलं?"

मी म्हटलं, "तुमच्या घरच्या बायकाईले मी इतके वर्षं तेच तं सांगून राह्यली."

एवढं बोलल्यावर माझं मलाच कळलं की मी जुरीचं नाव न घेता जुरीला पकडून दिलं होतं. चैतूभाऊंनी पत्र्याकडे पाहिलं, सारवणाकडे पाहिलं, गडव्याकडे पाहिलं आणि शेवटी बायकोकडे.

"तुले मालूम होतं?"

"होतं," जुरी म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाई?"

"आमाले कोणी विचारलंच नाई." आणि गडवा खाली ठेवत म्हणाली, "बाणाले हात लावाचा नाई म्हणता, नाई लावला. आमी सारवण केलं. सारवण तं बाईचंच काम हाय."

चैतूभाऊंना हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आधी खांदे हलायला लागले, मग पोट, मग ते मटकन सारवणातच बसले आणि त्यांनी डोक्याचा फेटा काढून बाजूला ठेवला. बायकांना आणखी काय हवं होतं? किती वर्षांचं साठलेलं शेणपाणी त्या दिवशी निघालं असेल कुणास ठाऊक. पुरुष पळत होते, बायका गाठत होत्या, दसरू डुकराच्या मागे लपला तर त्याच्या दोन वहिन्यांनी दोन्ही बाजूंनी त्याला धरला. मी पोट धरून हसत उभी होते, आणि अचानक माझ्या डोक्यावर थंडगार काहीतरी आलं आणि मानेवरून पदरात उतरलं. मागे जुरी, हातात रिकामी बादली.

मी म्हटलं, मी तर पाहुणी आहे, आणि बाई आहे.

"तुमी बाणवाली हाव," ती म्हणाली. "तुमचा बी एक बाण परतला नाई."

उन्हात ते थंड पाणी इतकं बरं वाटलं की मी तिला आणखी आहे का ते विचारलं.

मग रीतीप्रमाणे पुरुषांनी पाणी भरलं आणि स्वयंपाक केला. भात खालून करपला आणि वरून कच्चा राहिला, हे कसं साधतं ते मला अजून कळलेलं नाही. मियाँ मला न्यायला पांढरा सदरा घालून आले होते. त्यांना काही कळायच्या आत बायकांनी कांदे चिरायला बसवलं. ते रडत रडत कांदे चिरत होते आणि माझा अवतार बघून रडत रडत हसत होते.

ऊन उतरलं. पण बियाण्याची टोपली अजून खांबाशी झाकून ठेवलेली होती. एक तरी बाण धड परतायला हवा होता, नाहीतर पेरणीला हात लावता येत नव्हता, आणि आता हसण्याचा आवाज हळूहळू कमी झाला. डुकरातलं एक टोक पेचासकट कोरून काढलं. मी त्यावरची जुनी लाख खरवडली, सावलीत शेगडी मांडली, चैतूभाऊंच्या नळीचं तोंड पुसलं, आणि अंगाला शेणाचा वास येत असताना आजवरचा सगळ्यात नीट पेच बसवला. वाळू नव्हती, म्हणून नळी तांदळाच्या भांड्यात तोंड खाली करून उभी केली. लाख पुरती थंड झाली तेव्हा नेहमीसारखी नळी चैतूभाऊंसमोर धरली. टोक त्यांच्या हातात होतं. त्यांनी नळी घेतली नाही. टोक माझ्या तळहातावर ठेवलं.

"शेणपाणी पाहुण्यावर नाई पडत," ते म्हणाले. "ज्याचा बाण, त्याच्यावर पडते. तुमच्यावर पडलं. आता तुमीच आवळा."

मी जुरीकडे पाहिलं. ती उठून टोपलीपाशी जाऊन बसली. मी टोक पेचात घातलं आणि फिरवलं. इतकी वर्षं इथवर येऊन माझा हात थांबत होता, त्याच्यापुढे गेले. मला रडू आलं आणि त्याची मला लाजही वाटली नाही. मग मी बाण तळहातावर गरगर फिरवला. टोक जराही थरथरलं नाही.

चैतूभाऊंनी तो मारला आणि उपटला. टोकासकट आला. जुरीने टोपलीवरचं फडकं काढलं.

त्या दिवसापासून बाणवाल्यांनाही मी बांगड्यांचाच पाढा म्हणते. चुलीपाशी नेऊ नका, उन्हात ठेवू नका. तरणी मुलं हसतात, पण ऐकतात. चैतूभाऊंनी ते एक टोक बदलायचा पुष्कळदा प्रयत्न केला म्हणे, दसरूने पकडसुद्धा लावून पाहिली. मी त्या दिवशी सगळा जीव लावून आवळलं होतं, ते काही सुटत नाही. जरा ऊब दाखवली तर आट्यांत शिरलेली लाख मऊ होईल आणि टोक आपसूक फिरेल. हे मला माहीत आहे, जुरीलाही माहीत आहे. पण आम्हाला अजून कुणी विचारलंच नाही.